कर्मचाऱ्यांचे भ्रमणध्वनी आणि आपले गोपनीयतेचे कर्तव्य

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपणां सर्वांस परिचित आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात उपस्थात्याचे, म्हणजेच परिचारकाचे, जे चार गुण वर्णिले आहेत, त्यांत उपचारज्ञान, दक्षता आणि अनुराग यांच्या बरोबरीने शौच हा गुण सांगितला आहे. त्याच संहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्यास जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरी जे पाहिले वा ऐकले ते बाहेर प्रकट करू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. रुग्णाची गुप्तता राखणे हा वैद्याचा धर्म आहे, ही गोष्ट आपणांस कोणी नव्याने शिकवावी अशी नाही.

तथापि ही गुप्तता आज जेथे साठविली जाते ती जागा मात्र नवी आहे. पूर्वी रुग्णाची हकीकत वैद्याच्या स्मरणात आणि फार तर कपाटातील केसपेपरवर असे. आज ती स्वागतकक्षातील कर्मचाऱ्याच्या, पंचकर्म साहाय्यकाच्या, औषध बांधून देणाऱ्या मदतनिसाच्या खिशातील भ्रमणध्वनीत असते. तो फोन त्यांच्या मालकीचा, त्यावरील खाते त्यांचे, तो घरी कोण हाताळते हे आपणांस ठाऊक नसते. परंतु त्यातील रुग्णाची माहिती आपल्या विश्वासावर दिलेली असते. या विसंगतीतून निर्माण होणारे धोके व त्यांवरील सुलभ उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. मोठ्या रुग्णालयांस संगणक विभाग परवडतो. एक-दोन वैद्य आणि चार-पाच कर्मचारी असलेल्या चिकित्सालयास किंवा छोट्या औषधनिर्माणशाळेस जे शक्य आहे, तेवढेच येथे सांगितले आहे.

धोका कोठे उत्पन्न होतो

नेहमीच्या कामकाजाचे निरीक्षण केल्यास माहिती बाहेर जाण्याचे चार मार्ग प्रामुख्याने आढळतात.

पहिला मार्ग छायाचित्रांचा. क्षारसूत्र चिकित्सेतील भगंदराचा व्रण, त्वचाविकारातील मंडले, अग्निकर्मानंतरची स्थिती यांची छायाचित्रे वैद्यांस दाखविण्यासाठी साहाय्यक आपल्या फोनने काढतो. हेतू निर्दोष असतो. परंतु फोनमध्ये छायाचित्रांची स्वयंचलित प्रत ठेवण्याची सोय चालू असेल तर तेच चित्र काही क्षणांत त्याच्या वैयक्तिक गूगल खात्यात जाते. ते खाते घरातील टॅबवर वा मुलाच्या फोनवरही उघडलेले असू शकते. चित्र पुसून टाकले म्हणजे ते नाहीसे झाले, असाही समज करून घेऊ नये. गूगल फोटोजमध्ये प्रत घेतलेले चित्र पुसल्यानंतरही ६० दिवस तेथील कचरापेटीत राहते. शरीराच्या गुह्य भागाचे चित्र रुग्णाने केवळ उपचारासाठी काढू दिलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मार्गाचे गांभीर्य कळते.

दुसरा मार्ग व्हॉट्सॲप गटांचा. ‘आजचे रुग्ण’, ‘पंचकर्म विभाग’ अशा नावांचे गट बहुतेक चिकित्सालयांत असतात. रुग्णाचे नाव, व्याधी, बस्तीचा क्रम, प्रयोगशाळेचा अहवाल हे सर्व त्यांत पडते. व्हॉट्सॲपने २०१६ सालापासून संदेश पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणास वाचता येणार नाहीत अशी व्यवस्था केली आहे, हे खरे. परंतु ती व्यवस्था वाटेतील चोरापासून रक्षण करते. मुक्कामी पोहोचलेला संदेश उघड्या फोनवर कोणीही वाचू शकतो. नोकरी सोडून गेलेली व्यक्ती महिनोन्महिने गटात तशीच राहते. घाईत एका गटाचा मजकूर कुटुंबाच्या गटात जाणे, हेही अशक्य नाही.

तिसरा मार्ग याद्यांचा. पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाच्या शिबिरासाठी बालकांची नावे, जन्मतारखा व मातापित्यांचे क्रमांक यांची यादी तयार होते आणि दर महिन्याला आठवण करण्यासाठी ती कोणातरी एका कर्मचाऱ्याच्या फोनवर ठेवलेली असते. गर्भिणी परिचर्येच्या व वंध्यत्वावरील उपचारांच्या याद्यांचेही असेच. अशी यादी दुसऱ्याच्या हाती पडली तर तिचा व्यापारी वापर व्हायला वेळ लागत नाही.

चौथा मार्ग फसव्या उपयोजनांचा, म्हणजे ॲपांचा. लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती असल्याचे भासवून एपीके या प्रकारची फाईल व्हॉट्सॲपवरून पाठवायची आणि ती उघडणाऱ्याच्या फोनचा ताबा घ्यायचा, हा फसवणुकीचा प्रकार २०२४ पासून आपल्या देशात बराच पसरला. असे उपयोजन फोनवरील लघुसंदेश वाचू शकते, संपर्कयादी नेऊ शकते. ज्या फोनवर चिकित्सालयाच्या बँकखात्याचे, वस्तू व सेवा कर संकेतस्थळाचे किंवा औषध परवान्यांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-औषधी संकेतस्थळाचे एकवेळ संकेतांक येतात, तो फोन अशा रीतीने परक्याच्या ताब्यात गेल्यास हानी केवळ कर्मचाऱ्याची राहत नाही.

फार्मसीमालकांनी विशेष लक्ष द्यावे असे

औषधनिर्मात्यांच्या बाबतीत रुग्णाच्या गुप्ततेबरोबर व्यवसायाच्या गुप्ततेचाही प्रश्न आहे. शास्त्रोक्त कल्पांचे पाठ ग्रंथांत उपलब्ध आहेत. परंतु स्वामित्वाच्या कल्पांतील घटकांचे प्रमाण, भावनांची संख्या, पाकाची खूण, कच्च्या मालाचे पुरवठादार व त्यांचे दर ही अनेक वर्षांच्या श्रमाची मिळकत असते. भट्टीवरील कामगाराने नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र ‘रोज वही आणायला नको’ म्हणून आपल्या फोनवर ठेवले, तर ती मिळकत त्याच्याबरोबर बाहेर पडली असे समजावे.

बॅचच्या नोंदींविषयीही सावध असावे. तापमान, पुटांची संख्या, उत्पादनाचे वजन या नोंदी आधी व्हॉट्सॲप गटावर आणि सवड मिळाल्यावर वहीत, अशी सवय काही ठिकाणी रूढ होऊ लागली आहे. फोन हरवला वा बिघडला की मधल्या काळाच्या नोंदी नष्ट होतात आणि तपासणीच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. नोंद प्रथम वहीत किंवा कारखान्याच्या संगणकात व्हावी. फोनवर झालीच तर ती केवळ सूचना समजावी.

उत्पादनकक्षात वैयक्तिक फोन नेण्यास पूर्ण मनाई करणे हा येथे सर्वांत सोपा उपाय होय. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘टी’ अनुसूचीत निर्मितीस्थळाच्या व कामगारांच्या स्वच्छतेवर भर दिलेला आहे. दिवसभर हाताळलेला फोन खलबत्त्याशेजारी ठेवणे त्या दृष्टीनेही अयोग्यच आहे. प्रवेशद्वारापाशी क्रमांक घातलेले छोटे कप्पे व त्यांच्या किल्ल्या ठेवाव्यात आणि घरच्या तातडीच्या निरोपासाठी कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक कामगारांच्या कुटुंबीयांस द्यावा. ही दुसरी गोष्ट केली नाही तर पहिली फार दिवस टिकत नाही.

वैद्यकीय प्रतिनिधींचे फोन हा आणखी एक दुर्लक्षित विषय आहे. त्यांच्याकडील वैद्यांची व वितरकांची यादी, मागणी व थकबाकी हे सर्व त्यांच्या खासगी क्रमांकावर असते. प्रतिनिधी सोडून गेला की मागण्या त्याच्या नव्या संस्थेकडे वळतात आणि आपण केवळ पाहत राहतो. मागणी घेण्याचा क्रमांक संस्थेच्या नावावरील सिमकार्डाचा असावा, एवढी एक दक्षता घेतली तरी बरेच नुकसान टळते.

कायद्याची भूमिका

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये झालेल्या नियमांनी वैद्यकीय नोंदी व शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’ या वर्गात घातली. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व त्यांत मुख्य कर्तव्यांच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ही मुदत तयारीसाठी आहे, हे लक्षात घ्यावे.

या कायद्यातील तीन गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, माहितीच्या रक्षणाची जबाबदारी ती ज्या आस्थापनेने गोळा केली तिची असते. फोन कर्मचाऱ्याचा होता, हे उत्तर पुरत नाही. दुसरी, कागदावरील माहितीचे नंतर डिजिटल रूपांतर झाले की तीही कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे कपाटातील केसपेपरचे कोणी फोनने छायाचित्र काढले, की त्या माहितीला हा कायदा लागू होतो. तिसरी, माहितीची गळती झाल्यास संबंधित मंडळास व बाधित व्यक्तींस कळविणे आवश्यक ठरविले आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा असून उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य व कालावधी पाहून रक्कम ठरावयाची आहे. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु निष्काळजी राहण्याचेही नाही. बालकांच्या, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तींच्या, माहितीबाबत कायदा अधिक कडक आहे. सुवर्णप्राशनाच्या याद्या सांभाळणाऱ्यांनी हे विसरू नये.

प्रथम निदानपरिवर्जन

या विषयावर चर्चा निघाली की बहुतेकांचा विचार ‘कर्मचाऱ्याचा फोन कसा तपासावा’ येथून सुरू होतो. आमच्या मते आरंभ येथून होऊ नये. कर्मचाऱ्याचा फोन ही त्याची खासगी वस्तू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. ज्या आदराची अपेक्षा आपण रुग्णासाठी करतो, तोच आदर कर्मचाऱ्यालाही लागू आहे. शिवाय फोन तपासण्याचा धाक बसला की कर्मचारी गोष्टी लपवू लागतात, आणि लपविलेले लक्षण चिकित्सेस नेहमीच घातक ठरते.

आपल्या शास्त्राने संक्षेपात सांगितलेली चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन होय. येथेही तेच लागू पडते. जी माहिती कर्मचाऱ्याच्या फोनवर गेलीच नाही, ती त्या फोनवरून बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून पहिला उपाय चिकित्सालयाचा स्वतःचा एक फोन ठेवणे हा आहे. साधा अँड्रॉइड फोन पुरेसा असतो. मात्र त्यास सुरक्षेची अद्ययावत सुधारणे मिळत असावीत. सिमकार्ड वैद्याच्या अथवा संस्थेच्या नावावर असावे. रुग्णांशी संदेश, व्रणांची छायाचित्रे, प्रयोगशाळेचे अहवाल, शिबिरांच्या याद्या हे सर्व याच फोनवर व्हावे आणि रात्री तो चिकित्सालयातच कुलूपबंद राहावा.

व्हॉट्सॲपचे २०१८ पासून उपलब्ध असलेले व्यावसायिक रूप यासाठी सोयीचे आहे. त्याच खात्यास स्वागतकक्षातील संगणक जोडता येतो, त्यामुळे दोन-तीन व्यक्तींना उत्तरे देता येतात आणि कोणाच्याही खासगी क्रमांकाची गरज पडत नाही. मात्र जोडलेली उपकरणे कोणती, ते दर पंधरा दिवसांनी पाहावे. अनोळखी उपकरण दिसल्यास लगेच काढून टाकावे.

दुसरे परिवर्जन लेखनातले. साहाय्यकास निरोप देताना रुग्णाचे पूर्ण नाव व व्याधी एकत्र लिहिण्याची आवश्यकता क्वचितच असते. नोंदणी क्रमांक व कर्माचे नाव पुरते: ‘४१२, मात्राबस्ती, सकाळी १०’. असा संदेश चुकून दुसरीकडे गेला तरी रुग्णाची लाज राखली जाते. छायाचित्रातही चेहरा, गोंदण किंवा नाव लिहिलेला केसपेपर येऊ नये.

जे फोनवर राहणारच त्याचे रक्षण

एवढे करूनही कामाच्या वेळा, सुट्ट्या, साठ्याच्या सूचना यांसाठी कर्मचाऱ्यांचे फोन वापरले जाणारच. त्यांच्या बाबतीत पुढील गोष्टी आग्रहाने पाळाव्यात.

१. फोनला किमान सहा अंकी संकेतांक वा अंगठ्याचे कुलूप असावे, आणि कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये अशी योजना करावी. टेबलावर ठेवलेल्या फोनच्या पडद्यावरील संकेतांक शेजारी बसलेला रुग्णही वाचू शकतो.

२. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी संकेतांक घालावा. लघुसंदेशाने आलेला आकडा कोणी कोणत्याही निमित्ताने मागितला तरी देऊ नये.

३. आलेली चित्रे आपोआप गॅलरीत जाण्याची सोय बंद करावी.

४. उपयोजने केवळ अधिकृत भांडारातूनच घ्यावीत. संदेशातून आलेली एपीके फाईल, ती ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी, उघडू नये. त्या माणसाचाच फोन आधी बाधित झालेला असू शकतो.

५. बिलाच्या संगणकाला तारेने जोडून फोन चार्ज करू नये. त्यासाठी भिंतीवर स्वतंत्र चार्जर लावून द्यावेत. हा खर्च अल्प आहे.

६. वायफायचे दोन भाग करावेत. बिलाचा संगणक व कॅमेऱ्यांची यंत्रणा एका भागावर. कर्मचारी व रुग्णांचे फोन ‘अतिथी’ भागावर. आजच्या बहुतेक राउटरांत ही सोय असते व ते बसविणारा तंत्रज्ञ ती करून देतो.

७. सुधारणे मिळणे बंद झालेल्या जुन्या फोनवर संस्थेचे ईमेल खाते किंवा बँकेचे उपयोजन ठेवू नये.

ज्या संस्थांत कर्मचाऱ्यांची संख्या अधिक आहे, त्यांनी अँड्रॉइडमधील ‘कार्य प्रोफाइल’ या सोयीची माहिती तंत्रज्ञाकडून अवश्य घ्यावी. एकाच फोनवर खासगी व कामाचा असे दोन विभाग त्यामुळे पडतात आणि कर्मचारी सोडून गेल्यावर केवळ कामाचा विभाग पुसता येतो. त्याच्या घरच्या चित्रांना व संदेशांना हात लागत नाही.

फोन हरवल्यास

अशा वेळी पहिला तास महत्त्वाचा असतो. सिमकार्ड तत्काळ बंद करवून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड घ्यावे. नव्या कार्डावर व्हॉट्सॲप पुन्हा सुरू केले की जुन्या फोनवरील खाते बंद पडते. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावा आणि फोन दूरस्थपणे पुसण्याची सोय चालू असेल तर ती वापरावी. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत व फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक यांच्या आधारे ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावरून फोनच बंद करवता येतो. हा क्रमांक फोनवर *#०६# दाबल्यास दिसतो. तो आजच सर्वांकडून लिहून घ्यावा, कारण फोन हरवल्यावर तो शोधणे जिकिरीचे होते. पैशांची अफरातफर झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. कोणत्या रुग्णांची माहिती त्यात होती, याची नोंद करून वैद्याने स्वतः त्यांना सांगावे. हे सांगणे अवघड वाटते. परंतु रुग्णास ते बाहेरून कळणे अधिक वाईट.

फोन हरवला म्हणून कर्मचाऱ्यास दंड वा अपमान करू नये. ज्या ठिकाणी शिक्षा होते, तेथे फोन सकाळी हरवतो आणि मालकास दुसऱ्या दिवशी कळतो.

कर्मचारी सोडून जाताना

निरोपाच्या दिवशी चार गोष्टी कराव्यात: सर्व गटांतून नाव काढणे, जोडलेली उपकरणे तोडणे, सामाईक पासवर्ड बदलणे, आणि बँक, कर व परवाना संकेतस्थळांवर त्या व्यक्तीचा क्रमांक असल्यास तो बदलणे. शेवटची गोष्ट विशेष जपावी. बंद केलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. मग आपल्या खात्याचे संकेतांक एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

नियुक्तिपत्रासोबत जोडावयाचा नमुना

वाचकांच्या सोयीसाठी एक छोटा नमुना देत आहोत. आपापल्या गरजेनुसार व वकिलांच्या सल्ल्याने त्यात बदल करावेत.

‘मी या चिकित्सालयात/फार्मसीत काम करताना (१) रुग्णांची छायाचित्रे, अहवाल व याद्या माझ्या वैयक्तिक फोनवर घेणार नाही, तातडीने घ्यावी लागल्यास ती त्याच दिवशी संस्थेच्या फोनवर पाठवून माझ्या फोनवरून व कचरापेटीतूनही काढून टाकीन. (२) नोंदवह्या व पाठ यांची छायाचित्रे काढणार नाही. (३) माझा फोन कुलूपबंद ठेवीन आणि हरवल्यास एका तासाच्या आत कळवीन. (४) नोकरी सोडताना संस्थेची सर्व माहिती माझ्यासमक्ष काढून टाकण्यास सहकार्य करीन. संस्था माझ्या फोनमधील खासगी मजकूर पाहणार नाही, आणि फोन हरवल्याची माहिती वेळेवर दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई करणार नाही, हे मला सांगण्यात आले आहे.’

शेवटचे वाक्य आम्ही जाणीवपूर्वक घातले आहे. दोन्ही बाजूंनी वचन असेल तरच असा कागद पाळला जातो. तो मराठीत असावा, वाचून दाखवावा आणि त्यावर सही घेण्यापूर्वी प्रश्न विचारू द्यावेत.

समारोप

वरील उपायांपैकी पुष्कळ उपायांस विशेष खर्च नाही. संस्थेचा एक फोन, एक सिमकार्ड, चार चार्जर आणि महिन्यातून अर्ध्या तासाची बैठक एवढ्यावर बहुतेक चिकित्सालयांचे काम भागेल. एकदम सर्व करणे शक्य नसल्यास या आठवड्यात केवळ दोन गोष्टी कराव्यात: जुन्या कर्मचाऱ्यांची नावे गटांतून काढावीत आणि साहाय्यकांच्या फोनवरील रुग्णांची छायाचित्रे त्यांच्याच हातून, त्यांच्यासमक्ष पुसून घ्यावीत.

उपस्थात्याच्या गुणांत शौच सांगितले आहे ते हातांचे व वस्त्रांचे तर आहेच. आज त्याचा विस्तार त्याच्या हातातील उपकरणापर्यंत करावा लागेल. तो शिकविण्याचे काम मात्र भिषकाचेच आहे. रुग्ण आपल्यासमोर जे बोलतो ते वैद्य म्हणून आपणांस सांगतो. ते आपल्या चिकित्सालयाच्या भिंतींआड राहील, अशी व्यवस्था सर्व वैद्यबंधु-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी आपापल्या ठिकाणी करावी, अशी नम्र विनंती आहे. इत्यलम्.